मचूळ म्हणजे किंचित खारट नव्हे

नातवाच्या गाईडात एक प्रश्न होता. समानार्थी शब्द लिहा : मचूळ. खाली उत्तर छापलेलं होतं, खारट. पोरगं ओसरीत बसून मोठ्यानं घोकत होतं. मचूळ खारट, मचूळ खारट. मी बैलापुढं कडबा टाकत होतो. तसाच हात झटकत आलो आणि म्हटलं, थांब, हे चूक आहे.

तो म्हणाला, "आबा, पुस्तकात छापलेलं हाये."

आता याला काय सांगावं? छापलेलं आहे म्हणून खरं आहे, असं मीही एका वेळी मानलं होतं. त्याची किंमत मी भरली नाही, माझ्या थोरल्या बहिणीनं भरली. म्हणून पाण्याच्या एका शब्दासाठी मी हा एवढा कागद काळा करतो आहे. ज्यांना हे शब्दाचं खुसपट वाटेल, त्यांनी खुशाल पान उलटावं. पण उलटण्याआधी घरातलं पाणी एक घोट पिऊन घ्यावं आणि ते कसं आहे ते एका शब्दात सांगून पाहावं.

१९७७ साली मी दहावी पास झालो. आमच्या घरात इतकं शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे सातबारा वाचायचा, पत्र लिहायचं, पाहुण्यांशी शुद्ध बोलायचं, ही कामं माझ्याकडे आली. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. आमचं गाव मालेगाव तालुक्यातलं, घाटावरचं. विहिरीला पाणी थोडं, पण गोडं.

१९७९ साली अक्काची सोयरिक जमत होती. पाहुणे खाली दर्यापूरकडचे. जमीन काळी कसदार, बारा हात खोल खणलं तरी माती संपत नाही अशी. पोरगा चांगला, निर्व्यसनी. बैठकीत सगळं बोलणं झाल्यावर माझ्या मायनं दाराआडून विचारलं, "पानी कसं हाये तुमच्याकडलं?" पाहुण्यांतला एक म्हातारा होता. तो खोटं बोलला नाही. त्याला त्याबद्दल आजही हात जोडतो. तो म्हणाला, "पानी मचूय हाये, माय."

आमच्या वऱ्हाडी तोंडात ळ चा य होतो. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते, तसा मचूळचा मचूय. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरातला शिकलेला मी. मी म्हटलं, "मचूळ म्हणजे किंचित खारट. चालते." शाळेत मी तेवढंच शिकलो होतो. बाबांनी मान हलवली. दाराआडून माय बोलली, "मचूय म्हंजे खारट नाई रे बाप्पा." पण बाईमाणसाचं दाराआडचं बोलणं आणि तेही निरक्षर बाईचं, दहावी पास पोरापुढं कोण ऐकतो? सुपारी फुटली.

त्या ‘किंचित’ शब्दाशी माझं भांडण तिथून सुरू आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा अक्काला आणायला गेलो. तिनं तांब्याभर पाणी दिलं. पहिला घोट गेला, काही वाटलं नाही. दुसरा गेला. तिसऱ्या घोटाला जिभेवर पातळ साय बसल्यासारखं झालं. तांब्या रिकामा केला, पण तहान जिथं होती तिथंच. पाणी पोटात गेलं, तहान घशात राहिली. खारट पाणी माणूस थुंकून देतो. मचूळ पाणी थुंकता येत नाही, ते पिता येतं. हाच त्याचा दगा आहे. खाऱ्या विहिरीच्या गावावर लोक दया करतात, टँकर पाठवतात. मचूळ विहिरीच्या गावाला म्हणतात, तुमच्याकडे पाणी तर आहे!

अक्का म्हणाली, "दाय शिजत नाई दादा. दुपारी चुलीवर ठेवली त संध्याकाळी तोंडात दाणाच येते." साबण लावला की फेस धरत नव्हता, फाटायचा. भांड्यांच्या बुडाशी पांढरा थर. चहा कितीही साखर घाला, शेवटाला वेगळाच लागायचा. माझ्याबरोबर आलेल्या आमच्या बैलानं तर हौदाला तोंड लावलं आणि मान वर करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नाइलाजानं प्याला. बैलाला दोन दिवसांनी सवय झाली. अक्कालाही झाली, असं आम्ही सगळ्यांनी धरून घेतलं.

कोश काढून पाहिला तर मचूळचा अर्थ मिळतो, किंचित खारट, बेचव. शहाण्या माणसांनी केलेलं काम आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण किंचित म्हणजे काय? खारटाचं लहान भावंडं? मग कोमट म्हणजे किंचित गरम का? कोमट पाण्यानं अंग धुतात, किंचित गरम चहा कोणी पीत नाही. दोन टोकांच्या मधे जे असतं ते कोणत्याही टोकाचं अर्धं नसतं. त्याला स्वतःचा गुण असतो, स्वतःचा त्रास असतो, म्हणून लोकांनी त्याला स्वतःचं नाव दिलं.

आता कचेरीचा शब्द पाहा. निमखारे पाणी. कोळंबीच्या योजनेच्या कागदात हा शब्द भेटतो, भूगोलाच्या पुस्तकात भेटतो. यातलं निम हे फारसीतून आलेलं, अर्धं या अर्थाचं. निमसरकारी, निमशहरी, तसं निमखारे. कोकणात खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी आणि नदीचं पाणी खरोखर एकमेकांत मिसळतं, तिथं हा शब्द शोभतो. पण आमच्या खारपाणपट्ट्यात कुठला समुद्र? कोण्या बाईनं विहिरीवरून घागर आणून म्हटलं आहे का, की आज पाणी निमखारे आहे? हा शब्द मापून केलेला आहे. मचूळ हा पिऊन केलेला आहे.

शब्दाच्या मुळाची गोष्ट निघालीच आहे तर तीही बोलून घेऊ. आपल्याकडे एक रीत पडली आहे. शब्दाचा धागा संस्कृतापर्यंत नेता आला की शब्द खानदानी, नाही तर गावंढळ. खार या शब्दाचं खानदान सरळ आहे, संस्कृत क्षार, प्राकृतात खार, आपल्याकडेही खार. लवणाचं लोण झालं, त्यातून लोणचं आलं. ज्यात लवण नाही ते अलवण, त्याचं अळणी झालं. आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या नावात लवणच आहे, लवणासुराची कथाही तिथलीच. हे सगळं मला मान्य आहे.

पण जिभेचा कारभार खानदानावर चालत नाही. मीठ हाच शब्द घ्या. तो संस्कृतातल्या मृष्ट, मिष्ट या शब्दांकडून आला, म्हणजे रुचकर, गोड. हिंदीतला मीठा हा त्याचा सख्खा भाऊ. एकाच घरातले दोन शब्द, एक हिंदीत साखरेकडे गेला, एक आपल्याकडे खारट झाला. का? कारण ज्यानं अन्नाला चव येते ते मीठ, असं आपल्या लोकांच्या जिभेनं ठरवलं. तसंच गोड. हा गुळाच्या घरचा शब्द. पण गोडं पाणी म्हणतो तेव्हा त्यात कोणी गूळ टाकलेला नसतो, गोडंतेल म्हणतो तेव्हा त्यात साखर नसते. जिभेनं ज्याला हो म्हटलं ते गोडं. तर मग जिभेनं ज्याला हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, त्याला एक शब्द नको?

मचूळचा सोयरा मला विचाराल तर तो खारट नाहीच, गढूळ आहे. दोघांची शेपटी सारखी, दोघांचं काम सारखं. गढूळ हा डोळ्याचा शब्द, मचूळ हा तोंडाचा. आणि पहिली दोन अक्षरं? तोंडात एखादी गोष्ट मचमच करते असं आपण म्हणतोच. मचूळ पाणी प्यायल्यावर माणूस नकळत जीभ टाळूला लावतो, ओठ चाटतो, पुन्हा गिळतो. माझ्या कानाला तो शब्द त्या आवाजातून आल्यासारखा वाटतो. हे शेतकऱ्याच्या कानाचं मत आहे. पंडितांनी खुशाल खोडावं. पण खोडताना आधी ते पाणी प्यावं.

कोणी म्हणेल, पुण्या-मुंबईतले लोक तर उकळून गार केलेल्या पाण्यालाही मचूळ म्हणतात, गाडीत तापलेल्या बाटलीतल्या पाण्यालाही म्हणतात. त्यात कुठं खार असतो? मी म्हणतो, बरोबरच म्हणतात! हाच माझा पुरावा आहे. मचूळ म्हणजे नुसतं मीठ असतं तर उकळलेलं पाणी मचूळ झालंच नसतं. आमचं आणि त्यांचं पाणी वेगळं, पण तक्रार एक, पाणी पिऊन प्यायल्यासारखं वाटत नाही. शब्दाचं खरं हाड ते आहे.

आता खारपाणपट्ट्याबद्दल. शहरातले काही लोक खारपानपट्टा असं लिहितात, जणू तिथं विड्याची पानं पिकतात. खार आणि पाणी, त्याचं खारपाण. सातपुड्यातून निघालेली पूर्णा नदी तापीला मिळायला पश्चिमेकडे जाते. तिच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा आहे, शेकडो गावांचा. गाळाची माती खूप खोल, निचरा कमी, जमिनीतल्या पाण्यात क्षार साठलेले. हेच पाणी पिकाला दिलं तर त्यातला सोडियम काळ्या मातीला धरून बसतो. माती फुगते, वरून खपली धरते, पाणी खाली जाऊ देत नाही. विहीर भरलेली आणि शेत कोरडवाहू, अशी ही गत. म्हणून तिकडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसावर कापूस, ज्वारी, मूग, तूर घेत आला आणि ओलीवर हरभरा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं जिप्सम सांगितलं, हिरवळीचं खत सांगितलं, शेततळी सांगितली. २०१८ पासून पोकरा योजनेत या पट्ट्यातली गावं आली. हे सगळं चांगलंच झालं.

माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. तिथली एकच विहीर वर्षात तीन नावं घेते. श्रावण-भादव्यात तिचं पाणी बरंच गोडं होतं, कारण वरून पावसाचं पाणी उतरलेलं असतं. मार्गशीर्षाच्या पुढं मचूळ होतं. चैत-वैशाखात खारं. बायका हे सांगायला कॅलेंडर पाहत नाहीत. ‘इहीर मचुयली’ म्हटलं की त्या समजून जातात, आता पिण्याची घागर दुसरीकडून, वापरायची इथून, आणि पावसाळ्यात भरून ठेवलेलं पाणी जपून. एका शब्दावर गावाचा पाण्याचा सगळा हिशेब चालतो. मचूळ ही धोक्याची घंटा आहे. पुढं खारं येणार आहे, हे सांगणारा तो शब्द आहे.

आणि एका वर्षी अक्काच्या गावात पाण्याची पाहणी करायला माणसं आली. कुठल्या खात्याची ते राहू द्या. दिवाळी नुकतीच झाली होती, विहिरी भरलेल्या. त्यांच्या कागदात दोन रकाने होते, गोडे आणि खारे. मी तेव्हा भाऊबीजेला तिथंच होतो. अक्का म्हणाली, "लिहा, मचूय हाये." लिहिणारा पोरगा चांगला होता, त्यानं विचारलं, "आजी, गोडं का खारं?" ती म्हणाली, "दोन्ही नाई." तो म्हणाला, "दोन्हीपैकी एक सांगा, तिसरा रकाना नाही." आणि त्यानं स्वतः एक घोट घेतला, म्हणाला, पिता येतं की, आणि गोडे या रकान्यात बरोबरची खूण केली.

त्या खुणेनं काय केलं? सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतलं पाणी नळानं पट्ट्यातल्या पुष्कळ गावांना गेलं. अक्काच्या गावाचा नंबर मागं गेला, कारण कागदावर त्या गावाचं पाणी गोडं होतं. अक्कानं आणखी बरीच वर्षं डोक्यावर गुंड वाहिला.

यावर शिकलेली माणसं म्हणतील, शब्दांचं सोडा, आता मीटर आलं आहे. बरं, मीटरचंही ऐकू. भाच्यानं मागं एक टीडीएसचं यंत्र आणलं होतं, पेनासारखं. अक्काच्या विहिरीत बुडवलं, चौदाशेच्या आसपास आकडा दाखवला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, त्याचा नंबर १०५००. त्यात म्हटलं आहे की विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. म्हणजे पाहा, शास्त्रानंही तीन खोल्या केल्या आहेत. पाचशेपर्यंत चांगलं, दोन हजाराच्या वर नको, आणि मधे एक मोठी खोली, नाइलाजाची. त्या मधल्या खोलीच्या दारावर आमच्या आज्यांनी केव्हाच पाटी लावून ठेवली होती, मचूळ. शास्त्राला ती पाटी वाचता आली, रकाने आखणाऱ्याला आली नाही. ‘दुसरं पाणी नसेल तर’ ही अट कागदावरून गळते आणि ‘चालतं’ एवढंच खाली उतरतं. मी १९७९ साली बैठकीत तेच केलं होतं. "किंचित खारट. चालते."

लोणारच्या सरोवरात कमळजा देवीच्या देवळाजवळ एक विहीर आहे, सासू-सुनेची विहीर म्हणतात तिला. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात आणि पर्यटकांना मोठी गंमत वाटते. कोण सासू, कोण सून, यावर हसणं होतं. मी मात्र तिथं गेलो की मधल्या पाण्याचा विचार करतो. दोन्ही बाजू जिथं भेटतात तिथलं पाणी कसं असेल? त्याला कोणी नाव ठेवलेलं नाही. माझ्या मनात तिथं अक्का उभी असते.

आम्ही घाटावरचे लोक याबाबत फार निर्धास्त होतो. काटेपूर्णा आमच्या वाशीमच्या डोंगरातून निघते, महानच्या धरणात थांबते, अकोला शहर तिचं पाणी पितं आणि मग ती पूर्णेला मिळते. आमच्याकडून गोडं पाणी खाली जातं, असा आमचा तोरा. पण मी माझ्या शेतात बोअर घेतलं, आणि पाणी आटलं म्हणून आणखी खोल घेतलं. जे पाणी लागलं ते पहिल्याच घोटाला ओळखू आलं. तरी मी गव्हाला दिलं, दोन वर्षं दिलं. त्या तुकड्यात आज पाणी दिलं की वर खपली धरते. म्हणजे शब्द मला माहीत होता, बहिणीच्या घरी तो प्यालोही होतो, आणि स्वतःच्या शेतावर मी त्याचा अर्थ पुन्हा किंचित असाच लावला. तेव्हा ज्यांच्यावर मी हा लेख लिहितो आहे त्यांत मीही आहे.

अक्का आता सहासष्टची आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, पाण्यानं झालं का? ते म्हणाले, काका, बऱ्याच कारणांनी होतं, पाण्यानंच झालं असं मला लिहून देता येत नाही. ते खोटं बोलले नाहीत. मीही ते पाण्यावर ढकलत नाही. पण एवढं खरं की चाळीस वर्षांत त्या पाण्याबद्दल लिहिण्यासाठी कोणाच्याच कागदावर जागा नव्हती. पाहणीच्या कागदावर नव्हती, दवाखान्याच्या कागदावर नाही, आणि आता नातवाच्या गाईडात जो शब्द होता तोही खारटात बुडवला.

म्हणून मला तिघांना सांगायचं आहे. पाहणी करणाऱ्यांनो, तिसरा रकाना आखा. त्याला मोठा खर्च नाही, एक रेघ लागते. आणि एकदा दिवाळीला आलात तर एकदा अक्षय्य तृतीयेलाही या. मास्तरांनो, मचूळचा समानार्थी शब्द विचारू नका, त्याला समानार्थी नाही. पोरांना विचारा, तुमच्या घरचं पाणी कसं आहे, दाळ किती वेळात शिजते, साबण फेस धरतो का. पोरं उत्तर घरून आणतील आणि ते गाईडात मिळणार नाही. आणि पोरीची सोयरिक पाहायला जाणाऱ्या बापांनो आणि भावांनो, जमीन नंतर पाहा. तांब्या मागा, बसून तीन घोट प्या. आणि दाराआडून कोणी बोललं तर त्या बाईला आधी ऐका.

नातवाला मी त्या दिवशी गाईड मिटायला लावलं आणि फोन लावून दिला. म्हटलं, अक्काआजीला विचार, मचूळ म्हणजे काय. तिनं तिकडून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पोरगं बराच वेळ नुसतं हूं हूं करत होतं. मग त्यानं फोन ठेवला, पेन घेतलं आणि गाईडातल्या खारट या शब्दावर काट मारली.

मी विचारलं, "मंग काय लिहू म्हणते?"

तो म्हणाला, "आजी म्हणते, लिहू नको. उन्हाळ्यात ये आन् पेऊन पाह्य."